कार्बन फायबरचं मायक्रो-सीटी स्कॅनिंग : काम चांगलं, पण रॉ डेटा मागून घ्या

एकाच कार्बन फायबर-इपॉक्सी प्लेटमधून कापलेले तुकडे कॉम्प्रेशन टेस्टला वेगवेगळ्या लोडवर तुटायचे, म्हणून शेवटी मायक्रो-सीटी (एक्स-रेने आतलं बारीक थ्रीडी चित्र काढणं) करून देणाऱ्या एका लॅबकडे सॅम्पल दिले. आधी आम्ही रेझिन (म्हणजे ते इपॉक्सी) ॲसिडमध्ये विरघळवून व्हॉइडचं, म्हणजे आत राहिलेल्या पोकळ्यांचं प्रमाण काढायचो, पण त्यात अख्ख्या तुकड्याची एक सरासरी मिळते बस्स, व्हॉइड एका जागी गोळा झालेत की सगळीकडे विखुरलेत ते काही कळत नाही, आणि माल कुठून तुटणार हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

स्कॅन मात्र जबरदस्त आलाय. एकेक स्लाइस सरकवत गेलं की दिसतं, व्हॉइड बहुतेक दोन प्लायच्या (फायबरच्या थरांच्या) मध्ये, फायबरच्या दिशेने लांबट झालेले, आणि प्लेटच्या कडेला जास्त. एका कोपऱ्यात तर ० डिग्रीचा, म्हणजे लोडच्या दिशेचा प्लाय चक्क लाटेसारखा वरखाली गेलाय. फायबर एक-दोन डिग्री जरी वाकडा असला तरी कॉम्प्रेशनची ताकद बरीच घसरते, त्यामुळे त्या बाजूचे तुकडे लवकर का तुटत होते ते लगेच लक्षात आलं.

आता रिझोल्यूशनचं. फायबर असतो ५ ते ७ मायक्रॉन जाड. डिटेक्टर २००० पिक्सेलचा धरला तर १० मिमी रुंद सॅम्पलला व्हॉक्सेल (थ्रीडी पिक्सेल) पडतो ५ मायक्रॉनचा, म्हणजे अख्खा फायबर एका ठिपक्यात संपला! सुटा फायबर बघायचा तर व्हॉक्सेल १ मायक्रॉनच्या आसपास हवा, मग सॅम्पल जेमतेम २ मिमीचं उरतं आणि तेवढ्यावरून प्लेटबद्दल काय बोलणार? म्हणून मोठा तुकडा आधी ढोबळ स्कॅन करा आणि चांगल्या-वाईट दोन्ही जागांचे बारीक तुकडे नंतर द्या. व्हेरिएबिलिटी बघायचीय ना, मग एकाच जागेचा एक देखणा स्कॅन काही कामाचा नाही.

ऑपरेटरला खरंच मानलं. कार्बन आणि इपॉक्सी दोन्ही एक्स-रेला हलके, राखाडी छटा जवळजवळ सारखीच येते, पण त्यांनी व्होल्टेज कमी ठेवून एक्सपोजर वाढवलं आणि फायबर छान सुटे दिसले.

रिपोर्टवर मात्र नाराज आहे. रंगीत थ्रीडी चित्रं भरपूर, व्हॉइडचा टक्काही दिलाय, पण थ्रेशोल्ड (कुठल्या राखाडी छटेपर्यंत व्हॉइड धरायचं ती सीमा) कुठला लावला याचा पत्ताच नाही. बारीक व्हॉइडच्या कडा अर्धवट राखाडी असतात, थ्रेशोल्ड जरा हलवला की टक्का बदलतो, मग दोन प्लेट्सची तुलना करायची कशी? मागितल्यावर रॉ स्लाइस दिल्या, त्या इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सगळ्या सॅम्पलना एकच थ्रेशोल्ड लावला आणि पॉलिश केलेल्या सेक्शनशी मायक्रोस्कोपखाली ताडून पाहिला, तेव्हा कुठे आकड्यांवर विश्वास बसला.

पुढचे सॅम्पलही त्यांच्याकडेच देणारे. तुम्ही देणार असाल तर व्हॉक्सेल साइज, थ्रेशोल्ड आणि रॉ डेटा हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या, आणि सोबत हार्ड डिस्क पाठवा, २००० च्या क्यूबचा १६ बिटचा एक स्कॅनच १६ जीबीचा होतो.