हेपॅटायटिस बी: जन्मतःच डोस की थेट सहाव्या आठवड्यापासून?

खर्चात फरक नाही. सरकारी केंद्रात दोन्ही मोफत. फरक वेळेचा आहे. आईकडून बाळाला यकृताच्या या विषाणूची लागण होते ती मुख्यतः प्रसूतीवेळी, आणि तान्हेपणी झालेली लागण 90 टक्के बाळांत कायमची मुरते. मोठेपणी हेच प्रमाण 5 टक्क्यांच्या आत. सहाव्या आठवड्याचं पेंटाव्हॅलंट (हेपॅटायटिस बीसह पाच रोगांवरची एकत्रित लस) हा काळ भरून काढू शकत नाही. तैवानने 1984 मध्ये बाधित आयांच्या नवजात बाळांपासून सुरुवात केली. पुढे मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला.

जन्मतःचा डोस 0.5 मिलि, मांडीच्या स्नायूत, 24 तासांच्या आत. चुकतो तो रात्री किंवा रविवारी, शिवाय ‘एका बाळासाठी दहा डोसची कुपी कशाला फोडायची’ या काटकसरीपायी. हे निमित्त पोकळ आहे: 2 ते 8 अंशांत नीट ठेवलेली उघडी कुपी 28 दिवस चालते. गोठलेली मात्र फेकायचीच.

आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह (रक्ततपासणीत हेपॅटायटिस बीची लागण आढळलेली) असेल तर पर्यायच नाही: 12 तासांत लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). तपासणी न झालेल्या किंवा निगेटिव्ह आईच्या बाळालाही जन्मतःच द्यावी. घरी प्रसूती होऊन 24 तास उलटले असतील, तर 6, 10, 14 आठवड्यांचं पेंटाव्हॅलंट वेळेवर पूर्ण करा. जन्मतः डोस घेतलेल्यांनाही ते तिन्ही लागतातच.