पन्नास रुपयांची लालपरी

आधी मालाबद्दल. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया', म्हणजे पोरांच्या भाषेत 'बसिड', या मोबाइल गेमसाठी बनवलेला एसटीच्या लाल गाडीचा हा मॉड, म्हणजे गेममध्ये वरून घालायची गाडीची फाइल. आमच्या तालुक्याच्या गावी, यवतमाळ जिल्ह्यात, चौकातल्या एका मोबाइल दुकानात पन्नास रुपये दिले की दुकानदार फाइल टाकून, गेम उघडून, गाडी सुरू करून हाती देतो. बाजाराच्या दिवशी खेड्यावरची पोरं तिथं गर्दी करतात.

गाडी झकास आहे. पत्र्यावरचे रिव्हेट, खिडक्यांच्या आडव्या दांड्या, मागची शिडी, चाकावरचा चिखलसुद्धा. बाहेर रस्ता जावा बेटावरचा आणि हॉर्न वरातीतल्या बँडसारखा, पण ते गेमचं आहे, मॉडचा दोष नाही. इंडोनेशियातही वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे स्टेअरिंग बरोबर उजवीकडे बसलंय. वळणावर मात्र गाडी जरा जास्तच कलते.

माझे बाबा आगाराच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. त्यांनी चष्मा लावून आधी नंबर प्लेट पाहिली. "हे गाडी आपली नाही बापा. एमएच 14 म्हंजे दापोडीची. आपल्या इकडं हिंगण्याच्या जास्त, एमएच 40. पाटी यवतमाळची अन् नंबर पुण्याकडचा, काहून?" दापोडी आणि हिंगणा म्हणजे एसटीच्या गाड्या बांधणाऱ्या कार्यशाळा.

म्हणून शोधलं. हाच मॉड पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पोरानं बनवून नेटवर फुकट ठेवलाय, खाली स्वच्छ लिहून की विकू नका. त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर त्याचं नाव आहे. आमच्याकडच्या गाडीत त्या जागी दुकानाचा मोबाइल नंबर. बाकी फरक फक्त पाटीचा.

दुकानदाराला विचारलं तर तो हसला. "भाऊ, गाडी एसटीची, गेम इंडोनेशियाचा. तो पोरगा तरी कुठचा मालक?"

बोलणं अगदीच फोल नाही. लाल रंग त्या पोराचा नाही, गाडीची ठेवणही महामंडळाची. पण गेम बनवणाऱ्या मालेओ कंपनीनंच आपली गाडी घालायची सोय दिलीय, आणि प्रत्येक दांडी, प्रत्येक रिव्हेट त्यानं हातानं उभा केलाय. कोणत्या पत्र्याला पोचा द्यायचा हे काही महामंडळानं सांगितलं नव्हतं. दुकानदारानं काय केलं? पाटी.

अमेरिकेत असाच तंटा कोर्टात गेला होता. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या गेमच्या खेळाडूंनी बनवलेल्या 300 लेव्हल मायक्रो स्टार कंपनीनं नेटवरून उचलल्या आणि 'न्यूक इट' नावाच्या सीडीत भरून विकल्या. लेव्हल बनवायला आणि फुकट वाटायला मुभा होती, विकायला नव्हती. 1998 साली अपिलात निकाल मायक्रो स्टारच्या विरोधात गेला. अर्थात भांडण गेमच्या मालकाचं होतं. लेव्हल बनवणाऱ्या पोरांना तिथंही कोणी विचारलं नाही.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 सांगतं की कर्त्यानं हक्क विकून टाकले तरी 'हे काम माझं' म्हणायचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. या पोरानं तर विकलंही नव्हतं. कोर्टात तो जाणार नाही, हे दुकानदारालाही ठाऊक आहे.

मॉडला पाचपैकी चार. दुकानाला एक, तोही काम सफाईनं करतो म्हणून. फाइल कुठं टाकायची हे नव्या मोबाइलमध्ये खरंच किचकट झालंय आणि खेड्यावर नेट रडत चालतं, तेव्हा बसवून द्यायचे पैसे घेण्यात मला काही वावगं वाटत नाही. तुम्हाला जमत नसेल तर मूळ फाइल मोबाइलमध्ये घेऊन जा आणि फक्त बसवायचे पैसे द्या. वीस रुपये घेतो. मी विचारून आलोय.