जुन्या रेसिंग सायकलची किंमत काढून देतो म्हणाला आणि सायकलच घेऊन गेला

हे लिहायला मला चार महिने लागले, दर वेळी लिहायला घेतलं की काकूचा चेहरा समोर यायचा. पण गेल्या आठवड्यात एक मैत्रीण म्हणाली की तिच्या सासऱ्यांची जुनी इटालियन सायकल बघायला कुणीतरी येणारे, किंमत फुकट काढून देतो म्हणतोय, आणि त्या माणसाचं वर्णन ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून आज बसून सगळं लिहितेय. मोठं होईल, पण घरात माळ्यावर कुणाची जुनी रेसिंग सायकल पडली असेल तर पूर्ण वाचा.

नाना म्हणजे माझे मोठे काका. १९७१ ला नॉटिंगहॅमला गेले, तिथे एका मशीन शॉपमध्ये टर्नर होते, ८४ ला कायमचे परत आले. बाकीचे लोक तेव्हा येताना टेपरेकॉर्डर वगैरे आणायचे, नानांनी सायकल आणली. नॉटिंगहॅमच्याच रॅले कंपनीची. लाल-पिवळी-काळी, खाली वळलेलं हँडल, तिथल्या सायकल क्लबमधल्या एकाकडून सेकंडहँड घेतलेली. सदाशिव पेठेतून पहाटे पाचला निघायचे, खडकवासला करून साडेसातला घरात, मग पोहे, हे मी लहानपणी स्वतः बघितलंय. सीटच्या चामड्याखाली आतल्या बाजूला त्यांनी टोच्याने ग. वि. अशी अक्षरं कोरलेली. गुडघे गेले तशी सायकल जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली. नाना दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना मूलबाळ नाही, काकू ७९ वर्षांची, आणि आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून घर रिकामं करायचं होतं.

मी सायकल खाली काढली, चादरीसकट अंगणात आणली, पाच फोटो काढले आणि एका व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकले की हिची किंमत साधारण काय असेल, कुणाला माहितीये का. इथेच पहिली चूक झाली, फोटो टाकले ती नाही, किंमत मला स्वतःला अजिबात माहिती नसताना टाकले ती. दोन तासात एका अनोळखी माणसाचा फोन, ताई मी जुन्या सायकलींचं व्हॅल्युएशन करतो, पैसे घेत नाही, आवड आहे म्हणून करतो. 

तो आला तो बॅगेत लोहचुंबक, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन), केरोसीनचं फडकं घेऊन. बोलायला अतिशय गोड, आल्या आल्या काकूच्या पाया पडला. आधी चुंबक काढून फ्रेमच्या नळीला लावलं, ते टक्कन चिकटलं. म्हणाला बघा आजी, लोखंड आहे, ॲल्युमिनियम असतं तर गोष्ट वेगळी होती. आम्हाला ते पटलं! आता मला माहितीये की त्या काळातल्या जवळजवळ सगळ्या भारी रेसिंग सायकली स्टीलच्याच असायच्या, रेनॉल्ड्स या इंग्लिश कंपनीची ५३१ नावाची फ्रेमची नळी १९३५ पासूनची, तीही स्टील, इटलीची कोलंबस नळी तीही स्टील, म्हणजे चुंबक सगळ्यांनाच चिकटणार. चुंबक चिकटणं ही तक्रारच नाहीये. पण त्या एका टक् आवाजाने त्याने आमच्या मनातली किंमत निम्म्यावर आणली.

मग सायकल उलटी केली. पायडलच्या मधला जो गोल भाग असतो, बीबी म्हणजे पायडलचा आस-बेअरिंग ज्यात बसतं तो, त्याच्या खालची चाळीस वर्षांची ग्रीस-माती त्याने केरोसीनच्या फडक्याने पुसली आणि मोबाइलचा टॉर्च लावून बघत बसला. बराच वेळ. मग फडकं तिथेच ठेवलं, म्हणजे फ्रेमवर कोरलेल्या नंबरावरच, आणि म्हणाला हा इंडियन नंबर आहे, ही सेन-रॅले, आसनसोलची. हे खोटं त्याने फार विचार करून निवडलं होतं असं मला आज वाटतं, कारण आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना खरंच होता आणि आपल्याकडच्या जुन्या लोकांना रॅले म्हटलं की तीच काळी, उभ्या हँडलची, दांड्याच्या ब्रेकची सायकल आठवते. मी म्हटलं पण नानांनी ही इंग्लंडहून आणलीये. तर म्हणाला ताई स्टिकर तिकडचे असतील, तिकडून आलेले लोक असंच सांगतात. माझ्या गेलेल्या काकांना माझ्यासमोर त्याने खोटं पाडलं आणि मी गप्प बसले, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

त्याने त्या दिवशी पैशाची गोष्टच काढली नाही. उलट म्हणाला अशीच विकलीत तर भंगारात जाईल, मी दोन्ही चाकं आणि मागचा गिअर नेतो, ओव्हरहॉल करून, चाकांचा आऊट काढून (म्हणजे चाक सरळ फिरेल असं करून) देतो, चांगली किंमत येईल. आठ दिवसांनी चाकं आणून बसवून दिली, गिअरही लावला. चकचकीत दिसत होती. आम्ही त्याला चहा दिला, काकूने रव्याचा लाडू दिला.

चार दिवसांनी त्यानेच सुचवलं की माझ्या एकट्याच्या शब्दावर जाऊ नका, दुसऱ्या कुणालाही विचारा, आणि एक नंबर दिला. हा दुसरा माणूस आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला चाकं ओरिजिनल नाहीत, साधी २७ इंची आहेत, मागचा गिअर साधा आहे, अशी भेसळ झालेल्या सायकलला कलेक्टर हात लावत नाही, सात-आठ हजार म्हणजे डोक्यावरून पाणी. मग पहिला म्हणाला जाऊ दे, आजींकडे बघून मी अकरा देतो. अकरा हजार रोख. पावती नाही. टेम्पोत टाकून नेली. काकू दारात उभी होती आणि टेम्पो वळेपर्यंत आत आली नाही.

एका आठवड्याने त्याचा परत फोन, त्या सायकलचा पंप असेल ना फ्रेमला लावायचा, हजार रुपये देतो. अकरा हजाराच्या भंगार सायकलच्या पंपाला कुणी हजार देतं का? तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं. पंप दाराच्या मागे होता, मी सांगितलं सापडत नाहीये.

त्यानंतर नानांचे एक जुने सायकलवाले मित्र, वय ८१, काकूला भेटायला आले. त्यांना नाना गेल्याची बातमी उशिरा कळलेली. बसले, पाणी प्यायले आणि पहिला प्रश्न, त्याची एसबी कुठाय? मला कळेना एसबी म्हणजे काय. मग त्यांनी समजावलं ते मी जसं समजलं तसं सांगते.

रॅलेचे साधे कारखाने वेगळे आणि हे वेगळं. नॉटिंगहॅमजवळ इल्केस्टन गाव आहे, तिथे रॅलेने १९७४ मध्ये एक छोटं खास वर्कशॉप सुरू केलं, निवडक कारागीर, हाताने फ्रेम करायचे, आणि टीआय-रॅले नावाच्या रेसिंग टीमच्या सायकली तिथे बनायच्या. टीआय म्हणजे ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स, आपल्याकडे हर्क्युलस, बीएसए ज्यांनी चेन्नईत केल्या ती टीआय पण त्यातलीच. याच टीमच्या योप झूटेमेल्कने १९८० ला टूर द फ्रान्स जिंकली. त्या टीमचा रंग लाल-पिवळा-काळा, आणि तो रंग बघून लोक घेतात म्हणून कंपनीने साध्या कारखान्यातल्या सायकलींनाही तोच रंग देऊन विकल्या. म्हणजे रंगावरून काही कळत नाही, स्टिकरवरून तर नाहीच. कळतं ते बीबीखालच्या नंबरावरून. त्या काळात नॉटिंगहॅमच्या कारखान्याचा नंबर एन ने सुरू व्हायचा, वर्कसॉप नावाच्या गावातल्या कारखान्याचा डब्ल्यू ने, आणि इल्केस्टनच्या हातच्या फ्रेमचा एसबी ने. दुरून तीनही सायकली सारख्याच दिसतात पण किमतीत काही पटींचा फरक, कलेक्टर पैसे मोजतात ते त्या दोन अक्षरांचे.

मी मोबाइल काढला. तो माणूस सायकल उलटी करून बघत होता तेव्हा मी सहज एक फोटो काढला होता, काकूच्या बहिणीला पाठवायला. झूम केला. फडक्याच्या कडेतून अर्धा एस आणि पूर्ण बी दिसत होता. मी तो फोटो किती वेळा बघितला असेल मला सांगता येणार नाही.

मग त्यांनी माझे आधीचे पाच फोटो मागितले, अंगणातले. मागच्या गिअरवर झूम केला तर कॅम्पाग्नोलो आणि खाली पॅट. ७८ असं कोरलेलं. कॅम्पाग्नोलोच्या त्या काळच्या गिअरवर असे पेटंटच्या वर्षाचे आकडे असायचे, त्यावरून सायकलचं साधारण वर्ष ताडता येतं. विकायच्या दिवशीच्या फोटोत गिअर वेगळाच, अक्षरच नाही. चाकांचं तर त्यांनी असं दाखवलं की मी आयुष्यात विसरणार नाही. नानांची चाकं होती ७०० सी या मापाची, त्यांच्या रिमचा व्यास ६२२ मिमी धरतात, २७ इंचीचा ६३०. म्हणजे रिमची कड मधल्या एक्सलपासून ४ मिमी लांब जाते, मग ब्रेकचे रबर तेवढेच वर सरकवावे लागतात. विकायच्या दिवशीच्या फोटोत ब्रेकच्या खाचेत रबराचा नट वर आहे आणि त्याच्या खाली, जिथे तो चाळीस वर्षं बसला होता, तिथे गोल चकचकीत खूण उघडी पडलीये. ती खूण माझ्या डोळ्यासमोर होती, मीच फोटो काढलाय, आणि मला दिसली नाही.

म्हणजे पहिल्याने पार्ट काढून नेले, दुसऱ्याने येऊन पार्ट ओरिजिनल नाहीत म्हणून किंमत पाडली, दोघांचं साटंलोटं. दीड महिन्याने त्याच मित्रांच्या ओळखीच्या एका मुलाला ती सायकल विक्रीला लावलेली दिसली, परदेशातल्या साइटवर, १,४५० पाउंड, म्हणजे आपले दीड लाखाच्या वर. मूळ चाकांसकट. एका फोटोत सीट खालून दाखवलीये, आणि तिथे ग. वि. स्पष्ट वाचता येतंय. आम्ही मेसेज केला, दुसऱ्या दिवशी ती जाहिरात गायब.

आता एक गोष्ट नीट सांगते कारण मला कुणाची उगाच आशा वाढवायची नाहीये. लावलेली किंमत म्हणजे विकली गेलेली किंमत नव्हे. कुणीही कितीही आकडा लावू शकतं, ई-बेवर सोल्ड आयटम्स असा फिल्टर आहे तो लावून खरोखर किती ला गेल्या ते बघा, आणि तुमच्या साइजच्या, तुमच्या पार्टच्या बघा. नानांची फ्रेम छोटी होती, ५३ सेंटीमीटर, त्यानेही गिऱ्हाईक कमी होतं. फ्रेमला तडा, पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलेला, नंतर मारलेला रंग, यातलं काहीही असलं तर किंमत खाली येते. प्रत्येक जुनी रॅले लाखाची नसते, बहुतेक नसतातच. पण तुमची कुठली ते तुम्हाला आधी कळलं पाहिजे, समोरच्याला नव्हे.

आणि उलटंही चालतं बरं का. साध्या फ्रेमला नवे छापलेले ५३१ चे स्टिकर आणि टीमचे रंग मारून लाखाला विकणारे आहेत. घ्यायला गेलात तर सीट पिलर, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते तो, बाहेर काढून त्यावरचा आकडा वाचा. चांगल्या पातळ नळीच्या फ्रेमला बहुतेक वेळा २७.२ मिमीचा पिलर बसतो, नळी जाड आणि हलक्या प्रतीची असेल तर तो बारीक लागतो, २५.४ वगैरे. स्टिकर कुठलाही लावता येतो, नळीच्या आतलं माप बदलत नाही. मागचं चाक अडकवायची पट्टी असते त्यावर कॅम्पाग्नोलो कोरलंय का तेही बघा.

माझं कळकळीचं म्हणणं एवढंच आहे की सायकल स्वतः उलटी करा, स्वतः केरोसीनने पुसा, नंबर कागदावर उतरवून घ्या, प्रत्येक पार्टवर कोरलेल्या अक्षराचा जवळून फोटो काढा, आणि हे सगळं कुणाला घरात बोलवायच्या आधी. रंग मारू नका, पॉलिश करू नका. एकही पार्ट, नट सुद्धा, घराबाहेर जाऊ देऊ नका. किंमत सांगणाऱ्याला आधीच सांगा की सायकल तुम्हाला विकणार नाही, बघायचे पैसे घ्या. खरा जाणकार पैसे घेऊन बघेल. आणि दुसरं मत घ्यायचं तर तो दुसरा माणूस पहिल्याने दिलेला नको.

पोलिसात अर्ज दिलाय. सायकल तुम्हीच विकली असं म्हणाले, ते खरंच आहे, पण चाकं आणि गिअर ओव्हरहॉलला दिले होते, विकले नव्हते, तो मुद्दा फोटोंसकट लेखी दिलाय. काकूला मी आकडा सांगितलेला नाही. ती फक्त एकदा म्हणाली की पैशाचं जाऊ दे गं, तो ह्यांना खोटं म्हणाला.

तर कुणाला ही सायकल दिसली, लाल-पिवळी-काळी रॅले, छोटी फ्रेम, नंबर एसबी ने सुरू, वरच्या नळीला डाव्या बाजूला नखाएवढा पोचा, सीटखाली देवनागरीत ग. वि., तर मला मेसेज करा. कुणी न कळत विकत घेतली असेल त्याच्याशी माझं भांडण नाही, मला फक्त कुणाकडून घेतली ते नाव पाहिजे. पंप अजून आमच्याकडेच आहे, दाराच्या मागे.