पहिला ट्यूब ॲम्प: चॅम्पचं किट घ्यावं की डीलक्सचं?

"ट्यूब ॲम्प बनवतोय" म्हटलं की आमची आई छताकडे बघते. तिच्या लेखी ट्यूब म्हणजे चार फुटी, चोकवाली. "व्हॉल्व्ह" म्हटल्यावर मात्र बाबा खुर्चीतून उठून आले. गिरगावच्या त्यांच्या खोलीत व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की तापायला वेळ घ्यायचा आणि मग बातम्या लागायच्या. त्यामुळे ॲम्पमधल्या, तापून सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या नळीला या लेखात मी व्हॉल्व्हच म्हणणार आहे.

किटमधून पहिला गिटार ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) बनवायचा म्हटलं की दोनच नावं पुढे येतात: फेंडर या अमेरिकी कंपनीचा, ट्वीड कापड चढवलेला ट्वीड चॅम्प, म्हणजे ५एफ१ सर्किट, आणि ट्वीड डीलक्स, म्हणजे ५ई३. दोन्ही १९५० च्या दशकातले. त्या आकड्यांना अर्थ आहे. पहिला ५ म्हणजे पन्नासचं दशक, मधलं अक्षर म्हणजे सर्किटची सुधारित आवृत्ती आणि शेवटचा आकडा म्हणजे मॉडेल. अमेरिकेत मोजोटोन, स्ट्यूमॅक, वेबर आणि जर्मनीत ट्यूब ॲम्प डॉक्टर अशी मंडळी या जातीची किट विकतात. मी ५एफ१ बनवला, मुलुंडच्या मित्राने ५ई३. एका रविवारी तो आपला ॲम्प घेऊन माझ्या गोरेगावच्या वन बीएचकेत आला आणि आम्ही दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. गिटार तीच, केबल तीच.

चॅम्पमध्ये व्हॉल्व्ह तीन: पुढे एक १२एएक्स७, आउटपुटला एक ६व्ही६ आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. ताकद साधारण ५ वॅट, मूळचा स्पीकर ८ इंची, आणि अख्ख्या ॲम्पवर नॉब एकच. टोन नाही, काही नाही. डीलक्समध्ये व्हॉल्व्ह पाच: १२एवाय७, १२एएक्स७, दोन ६व्ही६ आणि तोच ५वाय३. ताकद १२ ते १५ वॅटच्या दरम्यान, स्पीकर १२ इंची, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन.

आकडे बघून वाटतं की डीलक्स अडीच-तीनपट मोठा वाजेल. तसं होत नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. खरा फरक पाडतो स्पीकर. १२ इंची शंकू तेवढ्याच वॅटात जास्त हवा ढकलतो, आणि खालचे सूर त्यातूनच अंगावर येतात. आम्ही चॅम्पची वायर काढून मित्राच्या १२ इंचीला लावली (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या माझ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ८ ओहमचा टॅप, म्हणजे वेगळी जोडणी, आहे म्हणून जमलं), तेव्हा दोघंही क्षणभर गप्प झालो. तोच ५ वॅटचा ॲम्प, पण खोक्यातून खोलीत आल्यासारखा.

आता नॉब. या ट्वीडवाल्यांचे आकडे १२ पर्यंत जातात. चॅम्प ४ पर्यंत स्वच्छ, ६ च्या पुढे आवाज फाटायला लागतो, आणि १० ला ६व्ही६ अक्षरशः घाम गाळतो. माझ्या घरात ७ च्या पुढे जाता येत नाही. शेजारच्या काकूंनी एकदा दारात येऊन विचारलं, "काय रे, मिक्सर बिघडलाय का?" ५ वॅट म्हणजे घरगुती, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. सामाईक भिंत असलेल्या इमारतीत ५ वॅटही पुष्कळ होतात.

डीलक्स जास्त मजेशीर आहे, आणि जास्त लहरीही. गिटार एका चॅनलला लावा आणि ज्या चॅनलला काही लावलेलंच नाही त्याचा व्हॉल्यूम फिरवा. आवाजाचा पोत बदलतो! दोन्ही व्हॉल्यूम आतून एकमेकांना असे जोडलेत की रिकामा चॅनल वाजत्या चॅनलवर भार टाकतो. दोन नॉबमध्ये मिळून चार-पाच वेगळे ॲम्प लपलेत. उणी बाजू म्हणजे हंबकर पिकअपची (दोन कॉइलच्या, जास्त जोरदार पिकअपची) गिटार लावून जोर केला की खालच्या तारा फसफसतात. मूळ आराखड्यात एका टप्प्याकडून पुढच्या टप्प्याकडे सिग्नल नेणारे ०.१ मायक्रोफॅरडचे कपलिंग कपॅसिटर आहेत, ते सगळा बेस पुढे सोडतात, आणि पुढच्यांना तो झेपत नाही. मित्राने त्यातला एक ०.०२२ चा केला, मग जरा शिस्त आली.

बनवताना काय फरक पडतो

इथे माझं मत ठाम आहे. पहिल्या किटचा निर्णय आवाजावर करू नका. ॲम्प चालला नाही तर दोष तुम्हाला सापडेल का, यावर करा. सोल्डरिंग कुणीही शिकतो. ॲम्प गप्प बसला की पुढे काय करायचं, तिथे माणसं अडकतात.

चॅम्पमध्ये सिग्नलचा रस्ता एकच आहे. जॅकपासून स्पीकरपर्यंत बोट फिरवत जाता येतं. डीलक्समध्ये शेवटी सिग्नल दोन विरुद्ध भागांत विभागून दोन ६व्ही६ कडे जातो, म्हणजे शोधायच्या जागा दुप्पट. पण गंमत अशी की चॅम्पमध्ये एक खोड आहे, जी डीलक्समध्ये नाही. मी पहिल्यांदा चालू केला, व्हॉल्व्ह तापले, आणि ॲम्प असा किंचाळला जसा लोकलचा ब्रेक. मी प्लग ओढला. आई भाजी निवडत होती, तिने निवडणं थांबवलं नाही, फक्त "झालं?" म्हणाली. अर्धा तास आराखडा बघितल्यावर कळलं. चॅम्पमध्ये स्पीकरकडून थोडा सिग्नल उलटा मागे आणतात, निगेटिव्ह फीडबॅक. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या निळ्या आणि लाल वायरी मी अदलाबदल करून लावल्या होत्या, त्यामुळे जे वजा व्हायचं ते अधिक झालं. दोन वायरी उलट केल्या, किंचाळणं बंद. ५ई३ मध्ये हा फीडबॅकच नाही, म्हणून ही भानगडही नाही.

गुणगुण मात्र चॅम्पची जास्त. डीलक्समध्ये दोन आउटपुट व्हॉल्व्ह समोरासमोर काम करतात आणि पॉवर सप्लायची बरीचशी गुणगुण आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्येच एकमेकांची काटली जाते. चॅम्पमध्ये एकटाच ६व्ही६, काटायला कुणी नाही. म्हणून व्हॉल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या फिलामेंटच्या वायरी घट्ट पिळून, चासीच्या (धातूच्या सांगाड्याच्या) कडेने नेणं चॅम्पमध्ये जास्त महत्त्वाचं. दोन्हींत बायस, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हमधून किती करंट वाहू द्यायचा ते, जुळवायची कटकट नाही; दोन्ही कॅथोड बायसवर चालतात, म्हणजे ते आपोआप जुळतं. नवशिक्याला हा मोठा दिलासा.

मुंबईत ऑर्डर करण्याआधी

हा भाग किटसोबतच्या पुस्तिकेत नसतो, म्हणून जरा सविस्तर.

पॉवर ट्रान्सफॉर्मर २३० किंवा २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा आहे, हे विचारून घ्या. १२० व्होल्टचा घेऊन स्टेपडाऊन लावू असा विचार केला असेल तर सोडा. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो. फ्यूजही बदलतो: व्होल्टेज दुप्पट तर करंट निम्मा, म्हणून अमेरिकी आराखड्यात लिहिलेल्या फ्यूजच्या साधारण निम्मा, स्लो ब्लो (सावकाश उडणारा).

यापेक्षा धोकादायक गोष्ट म्हणजे वायरींचे रंग. अमेरिकी आराखड्यात काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल, फेज लाल. सवयीने काळी वायर न्यूट्रल समजून जोडलीत तर स्विच आणि फ्यूज चुकीच्या वायरवर बसतात, आणि ॲम्प बंद दिसत असतानाही आत फेज जिवंत राहते. मी प्रत्येक वायरीला कागदी टेपची चिठ्ठी लावली होती. हसा हवं तर.

मग अर्थिंग. जुन्या चाळींत आणि पागडीच्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. गिटारच्या तारा म्हणजे थेट ॲम्पची चासी. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आधी हे, मग किट. १९५० च्या दशकातल्या मूळ आराखड्यात दोन पिनांची वायर आणि मेन्सपासून चासीला जोडलेला एक कपॅसिटर दिसेल. तो लावायचा नाही. तिथे प्रामाणिकपणा दाखवायची गरज नाही.

चौथी गोष्ट पावसाळा. जुन्या फेंडरमध्ये पार्ट बसवायला काळा, मेण लावलेला फायबरचा पुठ्ठा असायचा. हौशी लोक "अगदी मूळसारखं" म्हणून आजही तोच मागतात. पण तो दमट हवा पितो, आणि ३०० व्होल्टच्या शेजारी ओलसर पुठ्ठा म्हणजे गळती आणि खरखर. जुलैत आमच्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. ग्लास इपॉक्सीचा टरेट बोर्ड (पार्ट सोल्डर करायला धातूच्या खुंट्या असलेला) असलेलंच किट घ्या. दोन्ही मॉडेलमध्ये मिळतो, आवाजात फरक ऐकू येत नाही.

आणि चालू करताना सिरीज दिवा. टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे असतो तसाच, फेजमध्ये ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो, सगळं ठीक असेल तर क्षणभर पेटून मंद होतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर राहू शकतात, ते जीव घ्यायला पुरेसे आहेत. दर वेळी रेझिस्टरमधून उतरवा, मल्टिमीटरने शून्य बघा, मगच हात घाला. स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

लॅमिंग्टन रोडवरून पार्ट गोळा केले तर?

ग्रँट रोडला उतरून डॉ. भडकमकर मार्गावर एक फेरी मारली की मोह होतोच. रेझिस्टर, वायर, सोल्डर, मल्टिमीटर, ४५० व्होल्टचे कपॅसिटर, सगळं तिथे. पॉवर ट्रान्सफॉर्मरही कुणी गुंडाळून देईल. गाडी अडते आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर. त्याचं गुंडाळणं थरांचं असतं, आणि चॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरला तर गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते, कारण त्यातून सतत डीसी वाहतो. मी एका दुकानातून करवून घेतला होता. फट नव्हती. बेस गायब, आणि वर पैसेही गेले. दुसऱ्या-तिसऱ्या ॲम्पला ही वाट धरा, पहिल्याला नको. पहिल्याच ॲम्पमध्ये पार्टचीही खात्री नाही आणि तुमच्या हाताचीही नाही, तर दोष कुणात शोधणार?

किटने पैसे वाचतात हा मात्र गैरसमज. ट्रान्सफॉर्मर लोखंडाचे, वजनाचा कुरिअर खर्च, वर कस्टम्स ड्युटी आणि जीएसटी. म्हणून एक युक्ती: किट चासीपुरतंच मागवा, कॅबिनेट आणि स्पीकर वगळून. रिकाम्या खोक्याचं भाडं कशाला भरायचं? पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन मुंबईत मिळतं, आणि चांगला सुतार असेल तर कोपऱ्यांना दातेरी सांधे करून देतो. माझ्या सुताराने आधी सनमायका लावू का विचारलं, नंतर स्वतःच "राहू दे, लाकूड छान दिसतंय" म्हणाला. ट्वीड कापड मी लावलंच नाही, बुरशीच्या भीतीने.

मार्शल या ब्रिटिश कंपनीच्या वळणाचा १८ वॅटवाला किट मुद्दाम शेवटी घेतोय. त्याचं मॉडेल क्रमांक १९७४, साल नव्हे. ॲम्प साठच्या दशकातला आहे. दोन ईएल८४, तीन ईसीसी८३ आणि एक ईझेड८१, म्हणजे व्हॉल्व्ह सहा. ईएल८४ आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही बनवला, त्यामुळे जुन्या बाजारात एखादा हाती लागू शकतो. आवाज झकास, ड्रमसोबत टिकतो. पण वायरिंग दाट आहे आणि फ्लॅटमध्ये त्याला त्याच्या गोड जागी नेणं अशक्य. पहिल्यासाठी नाही.

बँडसोबत वाजवायचंय म्हणून डीलक्स घेऊ, असं काहीजण म्हणतात. मुंबईत जॅमरूममध्ये ॲम्प असतोच, आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये ॲम्प घेऊन चढून बघा एकदा. मित्र मुलुंडहून रविवारी सकाळी आला होता, तरी दादरला गाडी बदलताना दोन जणांनी विचारलं, आत काय आहे.

तर, सोल्डरिंग आयर्न पहिल्यांदाच हातात घेत असाल तर चॅम्प, टरेट बोर्डवाला, ८ ओहमच्या टॅपसकट, आणि त्याला १२ इंची स्पीकर. आठ इंचीच्या मागे लागू नका. गिटारचा ८ इंची, ४ ओहमचा स्पीकर मला इथे शोधूनही मिळाला नाही, १२ इंची मिळाला. पेडल किंवा रेडिओ असं काही आधी दुरुस्त केलं असेल, आराखडा वाचता येत असेल, आणि तुमची शेवटची खोली कुणाच्या भिंतीला लागून नसेल, तर थेट डीलक्स घ्या, पस्तावणार नाही. मित्राने तेच केलं. त्याच्या ॲम्पमध्ये एकच ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) निघालं, टोनच्या नॉबपाशी, आणि ते शोधायला त्याला तीन शनिवार लागले.