विश्वस्तांना शिकवणारी माणसं: आमच्या वाचनालयाचा अनुभव

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची मी सचिव. कार्यकारिणीला, म्हणजे आमच्या विश्वस्तांना, कामकाज शिकवायला धुळ्याहून दोघं प्रशिक्षक बोलावले होते. पैसे सत्कारणी लागले, असं मनापासून सांगते.

त्यांतल्या ताईंनी भाषण केलंच नाही. सभेचं एक नमुना इतिवृत्त वाटलं आणि उणिवा आम्हालाच शोधायला लावल्या. सूचक-अनुमोदकांची नावं नाहीत, गणपूर्तीचा (सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचा) उल्लेख नाही, खर्च आधी आणि मंजुरी नंतर! एरवी सभेत मान खाली घालून बसणाऱ्या आमच्या वहिनींनी सगळ्यात जास्त उणिवा काढल्या. मग 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 22 आलं: विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी माहिती, द्यायचा. तो राहिला तर जुनीच नावं नोंदीत राहतात आणि बँकेत सह्यांचा घोळ होतो. हे त्यांनी अहिराणीत समजावलं. "पहिले वाची ल्या, मंग सही करा," हे तर आता सगळ्यांच्या तोंडी आहे.

नेतृत्वाच्या सत्रात अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलायचं, एवढा एकच नियम घातला. फरक लगेच दिसला, तरुण पोरं बोलायला लागली.

ऑडिटचा भाग मात्र भरीत-पुरीच्या जेवणानंतर घाईत उरकला. खजिनदारांसाठी तो वेगळा अर्धा दिवस मागून घ्या. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवू नका, बाया येऊ शकत नाहीत.