सचित्र मराठी पवित्र शास्त्र : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यात या ग्रंथाची, म्हणजे मराठी बायबलची, बांधणी सुटली, आणि तीही नेमकी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या येशूजन्माच्या दुसऱ्या अध्यायापाशी, म्हणून हा अनुभव लिहायला बसलो आहे. मोठा टाइप, समासातले संदर्भ, शेवटचे नकाशे हे दुकानात हाताळून पाहता येते, त्याविषयी लिहीत नाही. माझी तक्रार चित्रांविषयी आहे. साध्या आवृत्तीपेक्षा ३०० रुपये जास्त मोजून मी रंगीत चित्रांची आवृत्ती घेतली आणि ते ३०० रुपये मला अजून बोचतात.

मत्तयासमोरच्या चित्रात गोठा आहे, गव्हाणीत बाळ आहे आणि मुकुट घातलेले तीन राजे उंटांवरून उतरत आहेत. समोरच्या पानावरचा मजकूर मात्र सांगतो की पूर्वेकडून आले ते मागी, म्हणजे तारे पाहणारे ज्ञानी लोक. ते किती होते हे लिहिलेले नाही, राजे होते असेही नाही, उंटांचा उल्लेख नाही आणि ते गेले ते घरात. तीन आहेत त्या भेटी : सोने, ऊद आणि गंधरस. गव्हाणी लूकच्या शुभवर्तमानात आहे, पण तिथे मेंढपाळ येतात. चित्रकाराने दोन शुभवर्तमाने एकाच गोठ्यात कोंबली आणि त्याचे पैसे माझ्याकडून घेतले. एदेन बागेत लालबुंद सफरचंद आहे, जरी उत्पत्तीच्या पुस्तकात फळाचे नाव नाही. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर शौल, म्हणजे पुढचा प्रेषित पौल, ज्या घोड्यावरून कोसळतो तो घोडा प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात शोधूनही सापडत नाही. सर्वांत जास्त राग आला तो मोकळ्या केसांनी येशूचे पाय पुसणाऱ्या मग्दालीया मरीयेच्या चित्राचा. लूकच्या सातव्या अध्यायातली ती पापी स्त्री निनावी आहे. मरीया येते पुढच्या अध्यायात, सात भुते निघालेली म्हणून. पोप ग्रेगरी यांनी ५९१ च्या प्रवचनात दोघींना एक केले, आणि कॅथलिक चर्चच्या सणांच्या रोमन पंचांगाने १९६९ मध्ये ती चूक सुधारली तरी चित्रकारापर्यंत ती बातमी पोहोचलेली दिसत नाही.

डिसेंबरात ही सगळी यादी घेऊन मी नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या चर्चच्या नाताळ देखाव्याच्या बैठकीत गेलो आणि राजे दोन ठेवावेत की बारा, असे विचारून सर्वांना वैताग दिला. तेव्हा मला वाटत होते की दोष चित्रांचा आणि चित्रांवर विसंबणाऱ्यांचा आहे, मी मात्र वाचणारा माणूस.

ईस्टरआधीच्या उपासकाळात मत भलतीकडून बदलले. प्रभूची प्रार्थना मला लहानपणापासून पाठ आहे, म्हणून ती मी या ग्रंथात कधी वाचलीच नव्हती. मत्तय ६:१३ मध्ये ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ हा शेवट चौकटी कंसात छापलेला आहे, आणि तळटीप म्हणते की तो सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. आमचे कॅथलिक शेजारी अंत्यविधीच्या वेळी ‘वाईटापासून सोडव’ इथे थांबतात आणि आम्ही पुढे एकटेच म्हणत राहतो. त्यांनी प्रार्थना कापली, असे मी चाळीस वर्षे समजत होतो. १९७० मध्ये याच नागपुरात निरनिराळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला शेजाऱ्याने थांबण्याचे कारण विचारावेसे वाटू नये, याची मला लाज वाटली. शेवट मी अजूनही म्हणतो, पण कंस दिसतो. या तळटिपा साध्या आवृत्तीतही आहेत, हे मात्र खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बांधणीकडे वळतो. दुकानदाराने ‘उन्हाने गोंद सुटला, यात आमचा काय दोष’ म्हणून बदली नाकारली. महाल भागातल्या बाइंडरने ग्रंथ उघडून पाहिला आणि म्हणाला, “काकाजी, हे चित्राचे पानं जड आहेत, यांनीच ओढलं. काढून टाकू का?” मी हो म्हटले. त्याने १८० रुपयांत दोऱ्याने पक्की शिलाई करून दिली, आणि ग्रंथ आता उशीजवळ सपाट उघडा राहतो.

एक चित्र मात्र पुरते निघाले नाही. कूलरच्या दमट हवेने राजांचे पान समोरच्या पानाला चिकटले होते. ते सोलताना उंटाचा एक पाय अकराव्या वचनावर राहिला, नेमका ‘घरात’ या शब्दावर.