वॉचमन बसवून आठ महिने झाले, आमच्या अण्णांच्या हृदयातल्या छत्रीचा रिव्ह्यू

वॉचमन म्हणजे हृदयातली एक छोटी पिशवी बंद करायला आत बसवतात ती छत्रीसारखी वस्तू. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. देवगडला चार कलमं आणि एक हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे हा रिव्ह्यू स्प्रिंग, जाळी, पकड असल्याच भाषेत होणार.

अण्णा ७६ चे. तीन वर्षांपूर्वी ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. यात स्ट्रोकचा धोका साधारण ५ पट होतो. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, लेफ्ट एट्रियल अपेंडेज, तिच्यात रक्त ओहोटीनंतर कातळातल्या डबक्यात पाणी राहतं तसं अडकून बसतं, गुठळी होते, आणि ती सुटली की रक्ताबरोबर मेंदूत जाऊ शकते. झडपेचा आजार नसलेल्या पेशंटमध्ये या कप्प्यातल्या ९०% च्या आसपास गुठळ्या याच पिशवीत सापडतात. माझ्यातल्या दुकानदाराला हे लगेच पटलं, गळती कुठे आहे ते माहितीय तर बूच मारा की.

पण आधी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्याच असतात आणि बहुतेकांना त्या पुरतात. अण्णांना अ‍ॅसिट्रॉम होती. सारखी आयएनआर टेस्ट (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप), आकडा २ ते ३ च्या मध्ये पाहिजे, आणि पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळे तो खाली येतो. आता श्रावणात आमच्याकडे टाकळा, अळू, भारंगी नको म्हणून कोणाला सांगणार? सगळ्या घराशी भांडण. मग टेस्ट न लागणारी नवीन गोळी दिली, तर पोटात रक्तस्राव, हिमोग्लोबिन ६ वर, रक्ताच्या बाटल्या चढवल्या. गोळी चालू ठेवली तर रक्त जाणार, बंद केली तर गुठळी होणार, तेव्हा डॉक्टरांनी हा विषय काढला. अण्णा म्हणाले, "काळजात छत्री घालतत? पावसाची कमी आसा काय?"

आता वस्तूबद्दल. आम्ही वॉचमन एफएलएक्स घेतली. या प्रकारची पहिली वस्तू माणसात २००१ मध्ये बसवली गेली, वॉचमनला अमेरिकेत २०१५ ला परवानगी मिळाली, ही सुधारलेली २०२० ची. निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची, नायटिनॉलची जाळी. पिळून नळीत कोंबा, बाहेर आली की परत मूळ आकार, साध्या स्टीलच्या तारेने हे केलं तर वाकडी होऊन बसेल. जुन्या मॉडेलला १० काड्या होत्या, हिला १८, आणि पुढचं टोक बंद, गोल, म्हणजे आत ढकलताना पिशवीच्या पातळ भिंतीला टोचत नाही, जागा चुकली तर परत आत ओढून पुन्हा उघडता येते. बाजूला गरीसारखे बारीक आकडे, ते भिंतीत धरतात. तोंडावर पॉलिस्टरचं कापड, त्याच्यावर हळूहळू शरीराचं स्वतःचं अस्तर येतं आणि पिशवी कायमची बंद. खरं सांगू, आंबोलीच्या वाऱ्यात उलट्या होणाऱ्या छत्र्या विकून विकून मी कंटाळलोय, त्यामुळे कोणीतरी काड्यांचा एवढा विचार केलाय हे बघून बरं वाटलं.

साईजची गोष्ट मला सगळ्यात आवडली. पिशवी प्रत्येकाची वेगळी, कोणाची कोंबडीच्या पंखासारखी वाकलेली, कोणाची फ्लॉवरसारखी. अण्णांचं तोंड २२ मिमी आणि छत्री घेतली २७ ची, कारण ती १० ते ३० टक्के दाबून बसली तरच पकड राहते. आणि मापाच्या आधी सलाईन लावलं, कारण उपाशी माणसाची पिशवी आकसते आणि मग लहान साईज निवडली जाते. सुक्या लाकडाचं माप घेऊन पावसात दार बसवणाऱ्या आमच्या सुताराला हे कोणीतरी सांगा.

जांघेतल्या शिरेतून पेन्सिलीपेक्षा बारीक नळी, हृदयाच्या मधल्या पडद्याला भोक पाडून डावीकडे, तिथे छत्री उघडायची, मग हलकेच ओढून बघायची हलते का, आणि मगच सोडायची. तासाभरात झालं, दुसऱ्या दिवशी घरी जायला मोकळे. धोके आहेत, हृदयाभोवती रक्त साचू शकतं, छत्री सुटू शकते, छत्रीवरच गुठळी होऊ शकते, बाजूने थोडी गळती राहू शकते. हे सगळं डॉक्टरांनी नीट बसून सांगितलं, त्यांना पूर्ण मार्क.

एक स्टार कापला तो हॉस्पिटलच्या काउंटरसाठी, नाव नाही घेत. "एकदा बसवली की गोळ्या बंद" असं तिथल्या पोरीने हसत सांगितलं. साफ चूक! अस्तर येईपर्यंत गोळ्या लागतातच, अण्णांना अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मिळून सहा महिने होत्या, आता एकटी अ‍ॅस्पिरिन. आणि ४५ दिवसांनी घशातून नळी घालून आतून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायला परत मुंबईला यायचं, हे डिस्चार्जच्या कागदावर आम्ही स्वतः वाचलं! पैशाचं म्हणाल तर वाशीच्या दलालाची एका सीझनची पट्टी (आंब्याच्या विक्रीचे पैसे) गेली, इन्शुरन्सने अर्धेमुर्धे दिले.

इको चांगला आला, गळती नाही. अण्णा परत कलमांखाली फिरतायत, टाकळा दोनदा खाऊन झाला. एकच सांगणं, आमच्या बाजूचं कोणी करणार असेल तर आधी ४५ दिवस मोजून गणपतीची तारीख बघा. आमचे ४५ दिवस भरले तेव्हा गणपती संपवून चाकरमानी परत निघालेले होते, आणि कणकवलीहून तिकीट मिळालं नाही. आम्ही अण्णांना घेऊन पनवेलपर्यंत हायवेच्या खड्ड्यांतून गेलो, छत्री तेव्हाच टेस्ट झाली.